बेसवरचं एल२९३डी मोटर शील्ड: आयसी बदलायची सोय किती कामाची?

अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या डोक्यावर बसणारं, मोटरींना करंट देणारे दोन एल२९३डी आयसी (चिप) आणि मोटरींची दिशा ठरवणारा एक ७४एचसी५९५ (पुढे नुसता ५९५) असलेलं मोटर शील्ड सोलापुरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपर्यंत सगळीकडे दिसतं. मूळ नकाशा अ‍ॅडाफ्रूट कंपनीच्या पहिल्या आवृत्तीचा. कंपनीने ती आवृत्ती बनवणं कधीच थांबवलं, नकला मात्र थांबल्या नाहीत. चार डीसी मोटरी किंवा दोन स्टेपर, शिवाय दोन छोटे सर्व्हो, एवढा संसार एका बोर्डावर. या नकलांमध्ये दोन जाती आहेत: एकीत आयसी थेट पीसीबीला, म्हणजे खालच्या सर्किट बोर्डाला, डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेले असतात, दुसरीत बेसवर, म्हणजे आयसी काढता-घालता येईल अशा सॉकेटवर. हा आढावा दुसरीचा, आणि तिच्यासोबत हमखास गळ्यात मारल्या जाणाऱ्या चिमटेवजा आयसी पुलरचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. बेसवालं शील्ड घ्या, पण बेस बघून घ्या. बोर्डाची निम्मी लायकी त्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत आहे. पुलर आहे तसा वापरण्याच्या लायकीचा नाही, पण कानशीने दहा मिनिटं घासला तर होतो. आणि बेसमुळे एक तोटाही पदरात पडतो, जो पाकिटावर कुठेच छापलेला नसतो. तो पुढे येईल.

दुकानात बोर्ड हातात घेतलं की ते उलटं करून बघण्यात अर्थ नाही. मागून डाग सारखेच दिसतात. डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा. आयसीचं पोट आणि पीसीबी यांच्या मध्ये काळ्या प्लॅस्टिकची चौकट दिसली तर बेस आहे. आयसीचे पाय सरळ पीसीबीत घुसलेले दिसले तर नाही. काही बोर्डांवर फक्त दोन एल२९३डी बेसवर असतात आणि ५९५ पक्का डागलेला असतो. ते चालतं. मोटरीचा मार एल२९३डी खातो, ५९५ त्यामानाने क्वचित उडतो, आणि उडालाच तर बहुतेक वेळा कुणीतरी तो उलटा बसवलेला असतो.

बेसमध्येही दोन प्रकार. चपट्या पात्याचा बेस, म्हणजे वरून लांबट फट दिसते आणि आत दोन पाती आयसीच्या पायाला चिमटीत धरतात. दुसरा गोल भोकाचा, ज्याची प्रत्येक पिन लेथवर कातलेली असते. नकली शील्डवर जवळपास नेहमी पहिलाच मिळतो, कारण तो चहाच्या पैशात येतो. तो वाईट नाही. पण त्याच्या पात्यांची पकड एकदा ढिली झाली की परत घट्ट होत नाही, आणि ती ढिली करायचा राजमार्ग म्हणजे त्यात बर्ग स्ट्रिप या पिनांच्या पट्टीतली चौकोनी पिन किंवा जाड जंपर वायर खुपसून बघणं. बर्गची पिन ०.६४ मिलिमीटर चौकोनी, आयसीचा पाय जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद आणि पाव मिलिमीटर जाड. एकदा पिन घातली की पाती फाकली. मग आयसी बसतो, दिसायला छान दिसतो, आणि गाडी खड्ड्यात गेली की एक चाक थांबतं.

पकड तपासायची असेल तर जळालेल्या आयसीचा एक पाय तोडून घ्या, बारीक चिमट्यात धरून प्रत्येक भोकात घाला आणि काढा. सोळाही ठिकाणी सारखाच अडखळ लागला पाहिजे. जिथे पाय आपोआप सरकतो तो बेस बदला. पाती काळी पडली असतील तरीही बदला, कारण काळेपणाचा अर्थ तिथे उष्णता झालेली आहे आणि स्प्रिंगचा ताण गेलेला आहे. नुसता मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. पॉलिश पेपर घालू नका, वरचा कथिलाचा थर निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे शेजारी यंत्रमाग चालतात, तिथे उघड्या बेसमध्ये सुताचे तंतू जाऊन बसतात. रिकामा बेस ठेवायचाच असेल तर वर चिकटपट्टी मारा.

आता तो न छापलेला तोटा. एल२९३डीच्या डेटाशीटमध्ये दर चॅनलला, म्हणजे दर आउटपुटला, सलग ६०० मिलिअँपिअर आणि क्षणभरासाठी १.२ अँपिअर लिहिलेले आहेत. हा जुन्या धाटणीचा, बायपोलर ट्रान्झिस्टरचा आयसी आहे. ६०० मिलिअँपिअर वाहत असताना वरच्या बाजूला साधारण १.४ व्होल्ट आणि खालच्या बाजूला १.२ व्होल्ट तो स्वतःच खातो. मिळून २.६ व्होल्ट. म्हणजे ६ व्होल्टची बॅटरी लावली तर मोटरीच्या वाट्याला ३.४ व्होल्ट येतात, आणि आयसीच्या अंगावर २.६ गुणिले ०.६, म्हणजे दीड वॉटपेक्षा थोडी जास्त उष्णता. एका आयसीवर दोन मोटरी. तीन वॉट झाले. नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याने ते टाकायचे कुठे?

उत्तर मधल्या चार पायांत आहे. पाय क्रमांक ४, ५, १२ आणि १३ हे ग्राउंड तर आहेतच, पण आतल्या सिलिकॉनमधली उष्णता बाहेर काढायचा रस्ताही तेच आहेत. आयसी थेट डागलेला असेल तर ही उष्णता पीसीबीवरच्या तांब्याच्या पसाऱ्यात उतरते. बेसवर असेल तर तिला आधी पातळ पात्यामधून, नंतर बेसच्या लांब पिनेमधून जावं लागतं. वाट अरुंद झाली. त्यात मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. पंचवीस अंशांच्या खोलीत जे बोर्ड बिनतक्रार चालतं ते इथे दुपारी तीनला दमतं. म्हणून बेसवरच्या एल२९३डीचा आमचा हिशेब सलग ३०० ते ३५० मिलिअँपिअरचा आहे. डोक्यावर छोटा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवला तर थोडा फरक पडतो, पण थोडाच, कारण उष्णतेचा मुख्य दरवाजा खाली आहे. आयसीच्या पाठीवर दुसरा आयसी डागून करंट वाढवायची जुनी युक्ती बेसवर करू नका. करंट दोघांत वाटला जाईल, पण बेसची पाती तीच आहेत आणि सगळा भार त्यांच्यावर येतो.

आयसी तापून दमला की आतलं संरक्षण त्याला बंद करतं. लक्षण ओळखीचं आहे: मोटर थांबते, थोड्या वेळाने कुणी हात न लावता पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. हा आयसी उडालेला नाही. असा जिवंत आयसी काढून नवा बसवणारे कमी नाहीत, आणि नवाही तसाच वागला की दोष दुकानदाराला. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीनेही असंच फसायला होतं. तिच्यात मोटर फिरवण्याइतका दम नसतो, व्होल्टेज कोसळतं, उनो रिसेट होतो, आणि बिल आयसीच्या नावावर फाटतं.

खरोखर उडालेला आयसी ओळखणं बेसमुळे फार सोपं होतं, आणि या शील्डला मार्क द्यायचे तर सगळ्यात जास्त इथे. मोटरी जोडायच्या जागांपैकी एम-१ आणि एम-२ एका एल२९३डीवर आहेत, एम-३ आणि एम-४ दुसऱ्यावर. चारही मोटरी मेल्या असतील तर आधी मोटरीचा सप्लाय बघा, मग ५९५ कडे संशयाने बघा, कारण चारही मोटरींची दिशा तोच ठरवतो. एखादी मोटर एकाच दिशेला फिरते, उलटी फिरतच नाही, तर ५९५ चं एक आउटपुट किंवा एल२९३डीचा एक चॅनल गेला आहे. एक जोडी मेली असेल तर सगळ्या मोटरी सोडवा, दोन्ही एल२९३डींची अदलाबदल करा आणि एकच लहान, चांगली असल्याची खात्री असलेली मोटर लावून चारही ठिकाणी फिरवून बघा. दोष आयसीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर आयसी खराब. दोष जागेवरच राहिला तर बेस, डाग किंवा प्रोग्रॅम. सगळ्या मोटरी आधी सोडवायचं कारण असं की पहिला आयसी जर शॉर्ट झालेल्या मोटरीने मारला असेल तर अदलाबदलीत तीच मोटर दुसराही खाईल.

बाहेर काढलेल्या आयसीची तपासणी मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून करा. लाल टोक पाय ४ वर, काळं टोक आळीपाळीने पाय ३, ६, ११, १४ वर. हे चार आउटपुट. चांगल्या एल२९३डीत चारही ठिकाणी अर्धा ते नऊ दशांश व्होल्टच्या मधला आकडा येतो आणि चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतात. मग काळं टोक पाय ८ वर ठेवून लाल टोक त्याच चार पायांवर फिरवा, पुन्हा तसेच आकडे. कुठे शून्याजवळ आकडा आला किंवा बीप वाजला तर तो चॅनल शॉर्ट. चारांपैकी एकच वेगळं बोलतोय तरी संशय घ्या. पक्क्या डागलेल्या बोर्डावर ही तपासणी करता येते, पण आजूबाजूचे भाग आकड्यांत लुडबुड करतात.

काढण्याची पद्धत. यूएसबी काढा, मोटरीची बॅटरी सोडवा, आणि शील्ड उनोवरून उचलून बाजूला घ्या. उनोवर बसलेल्या अवस्थेत आयसी उपटला तर ओढ शील्डच्या लांब पिनांवर येते आणि त्या वाकतात. शील्ड लाकडी पाटावर किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवा. टॉवेलवर मुळीच नको: सोलापुरी टॉवेल पाणी टिपायला कितीही गुणाचा असला तरी त्याच्या फासांत शील्डच्या खालच्या पिना अडकतात आणि बोर्ड उचलताना एखादी वाकून येते. उपटण्याआधी फोन काढून वरून एक स्पष्ट फोटो घ्या, तिन्ही आयसींच्या खाचा (एक नंबरच्या पायाची बाजू दाखवणारी आखूड बाजूवरची खूण) दिसतील असा. दोन मिनिटांनी खाच कुठल्या बाजूला होती यावर वाद होतोच.

पुलर हा यू आकाराचा पत्र्याचा चिमटा, दोन्ही टोकं आत वळलेली. ही टोकं आयसीच्या आखूड बाजूंखाली, म्हणजे खाचेच्या बाजूला आणि तिच्या समोर, घालायची असतात. अडचण अशी की स्वस्त पुलरची टोकं जाड असतात आणि आयसी व बेसच्या मधली फट बारीक असते. मग टोक फटीत न जाता बेसच्या खाली जातं. जोर लावला की आयसी येत नाही, बेसच वर येतो, आणि त्याच्याबरोबर पीसीबीवरच्या तांब्याच्या टिकल्या उखडतात. दहा रुपयांच्या कामात बोर्ड गेलं. म्हणून नवा पुलर आणला की आधी बारीक कानशीने दोन्ही टोकांची आतली घडी घासून पोस्टकार्डाइतकी पातळ करा, आणि कडा बोथट करा म्हणजे आयसीच्या पायांवर ओरखडा येणार नाही. घासलेल्या पुलरची टोकं फटीत बसली की चिमटा दाबून धरा आणि अगदी कणभर डाव्या टोकाला, कणभर उजव्या टोकाला असं डुलवत उचला. सरळ झटका मारला तर एक बाजू आधी सुटते, आयसी तिरका उडतो, दुसऱ्या बाजूचे पाय वाकतात, आणि सोळापैकी दोन-तीन पाय बहुधा बोटात घुसतात.

घासायचा कंटाळा असेल तर पुलर विसरा. अडीच-तीन मिलिमीटर पात्याचा साधा स्क्रूड्रायव्हर, घरोघरी असतो तो लाइन टेस्टरसुद्धा, जास्त भरवशाचा. पातं आखूड बाजूने आयसी आणि बेसच्या मध्ये सरकवा, मनगट थोडंसं पिळा, आयसी एक मिलिमीटर वर आला की थांबा. समोरच्या बाजूने तेवढंच. परत पहिल्या बाजूने. तीन-चार फेऱ्यांत आयसी स्वतःहून हातात येतो. पातं कुठे आहे ते दर वेळी बघा. बेसच्या खाली गेलेलं पातं पीसीबीवरचे ट्रॅक कापतं, आणि हिरव्या किंवा निळ्या रंगाखाली कापलेला ट्रॅक डोळ्याला दिसत नाही.

वाकलेला पाय चपट्या तोंडाच्या पकडीत धरून एकदा सरळ करता येतो. दुसऱ्यांदा वाकला की तो मुळाशी तुटायला टेकलेला असतो.

स्थिर विजेबद्दल दोन शब्द, कारण इथली हवा. मार्च ते मे ओलावा इतका कमी असतो की टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. एल२९३डी त्यामानाने रांगडा आहे. ७४एचसी५९५ सीमॉस जातीचा आहे, त्याला हा चटका सोसत नाही. सुती कपडे घाला, आयसीला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला किंवा मोठ्या लोखंडी कपाटाला हात लावा. सुटे आयसी नुसत्या थर्माकोलमध्ये खोचून ठेवायची सवय घातक आहे, थर्माकोल स्वतःच वीज साठवतो. त्यावर आधी स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, मग खोचा.

नवा आयसी बसवण्याआधी बेस रिकामा असतानाच एक चाचणी करा. ही बहुतेक जण करत नाहीत. शील्ड उनोवर बसवा, सप्लाय द्या, मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला. एल२९३डीच्या बेसमध्ये १६ नंबरला ५ व्होल्ट, ८ नंबरला मोटरीचा सप्लाय, आणि ४, ५, १२, १३ वर शून्य आलं पाहिजे. टोक हलकेच पात्याच्या वर टेकवा, आत खुपसू नका. उनोच्या यूएसबी खोबणीच्या पत्र्यावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवलेला असू द्या, नाहीतर शील्डचे खालचे डाग तिथे टेकतात. आकडे बरोबर आले की सप्लाय बंद आणि मग आयसी.

या चाचणीमागे कारण आहे. स्वस्त बोर्डांवर बेस उलटा डागलेला सापडतो: बेसची खाच एका बाजूला आणि पीसीबीवर छापलेली खाच दुसऱ्या बाजूला. अशा वेळी छपाई खरी, बेस खोटा. कुणी म्हणेल ग्राउंडचे पाय बीप करून दिशा ठरवू. जमत नाही. एल२९३डी अर्धा फेरा फिरवला तर ४ च्या जागी १२ येतो आणि ५ च्या जागी १३. चारही ग्राउंड पुन्हा ग्राउंडवरच बसतात. बदलतात ते ८ आणि १६, म्हणजे मोटरीचा सप्लाय आणि लॉजिकचा सप्लाय. उलटा बसलेला एल२९३डी म्हणून लगेच धूर काढतोच असं नाही, कधी कधी तो नुसता वेड्यासारखा वागतो आणि तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधायला लावतो. दिशा ठरवायला १६ नंबरचे ५ व्होल्ट हीच खरी खूण.

५९५ चं तसं नाही. त्याचा ८ नंबर ग्राउंड आणि १६ नंबर सप्लाय. उलटा बसला की सप्लाय उलटा झाला, आणि बोट लावलं की चटका. त्याहून वाईट म्हणजे अदलाबदल: तिन्ही आयसी सोळा पायांचे, लांबी-रुंदी सारखी. ५९५ चुकून एल२९३डीच्या बेसमध्ये गेला तर त्याच्या ग्राउंडच्या पायावर सरळ मोटरीचा सप्लाय येतो. संपला. काढताना ५९५ आणि एल२९३डी एकाच वेळी बाहेर ठेवू नका, एवढी शिस्त पाळली तर हे टळतं.

नवा आयसी नळीतून बाहेर येतो तेव्हा त्याचे पाय बाहेर फाकलेले असतात. बेसच्या दोन ओळींमधलं अंतर ७.६२ मिलिमीटर आहे, आणि आयसी तसाच दाबला तर एका ओळीचे पाय बाहेर राहतात. आयसी आडवा धरा, एका ओळीचे आठही पाय टेबलाच्या सपाट पृष्ठभागावर टेकवा आणि अंगाला धरून हळूच पुढे झुकवा, सगळे एकसाथ थोडे आत येतात. मग दुसरी ओळ. बेसवर ठेवल्यावर दाबण्याआधी दोन्ही बाजूंनी बघा, सोळाही पाय आपापल्या फटीच्या तोंडाशी आहेत का. मग दोन अंगठ्यांनी, एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला. बसल्यावर पुन्हा आडवं धरून बघा. एखादा पाय आयसीच्या पोटाखाली दुमडून बसलेला असतो. असा पाय बेसला वरून टेकलेला असतो, त्यामुळे थंड असताना चालतो आणि गरम झाल्यावर सोडतो. या शील्डच्या ज्या तक्रारी 'कधी चालतं, कधी नाही' अशा असतात, त्यातल्या बऱ्याच इथे संपतात.

कुठला आयसी आणायचा? अक्षरं नीट वाचा. एल२९३डी, किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा असेल तर एल२९३डीएनई. मधलं 'डी' महत्त्वाचं. एल२९३एनई पायाला पाय जुळतो, दर चॅनलला १ अँपिअर देतो, म्हणून मोह होतो. पण त्यात आउटपुटचे संरक्षक डायोड नाहीत. मोटर थांबताना जो उलटा झटका मारते तो हे डायोड झेलतात. चार आउटपुटना आठ डायोड बाहेरून लावायला या शील्डवर जागाच नाही. एसएन७५४४१० हाही पायाला पाय जुळणारा, १ अँपिअरचा. तोही बाहेरच्या डायोडशिवाय लहान मोटरींच्या पुढे नेऊ नये असं आमचं मत. एल२९३डीडी मागवू नका, तो वीस पायांचा, पृष्ठभागावर डागायचा आयसी आहे, बेसमध्ये जाणारच नाही. नाव खोडून पुन्हा छापलेले आयसीही फिरतात. एकाच नळीतल्या आयसींच्या पाठीवरची छपाई, खाचेची खोली आणि बॅचचा आकडा एकमेकांशी जुळत नसेल तर ती नळी परत करा. त्यांचा खरा निकाल मात्र चालवूनच लागतो: ज्ञात मोटर लावा, मोटरीच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा, सप्लायमधून वजा करा. दोन-अडीच व्होल्टची घट अपेक्षित आहे. त्याच मोटरीला आधीच्या चांगल्या आयसीपेक्षा व्होल्टभर जास्त घट दिसली तर तो आयसी वापरू नका.

नवा आयसी लावून लगेच जुनी मोटर जोडणं म्हणजे त्याच विहिरीत दुसरी बादली टाकणं. आधी मारेकरी शोधा. मोटर सोडवून तिच्या टोकांचा रोध मोजा, आस थोडी थोडी फिरवत चार-पाच वेळा, आणि सर्वांत कमी आकडा धरा. रोध ५ ओहम आणि मोटरीवर पोचणारं व्होल्टेज ४ असेल तर चाक अडकल्यावर ०.८ अँपिअर वाहणार. हे क्षणभर चालेल, सलग नाही. रोध २ ओहम आला तर हा आयसी या मोटरीसाठी नाहीच. चाकाच्या आसाभोवती केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो, तो कापून काढा. हिरव्या-निळ्या टर्मिनलच्या स्क्रूखालून तांब्याची एखादी तार बाहेर येऊन शेजारच्या तारेला टेकलेली असते. सप्लायची उलटी जोडणी हा तर हमखास प्रकार, म्हणून लाल-काळ्या वायरीच वापरा. आणि पीडब्ल्यूआर लिहिलेला पिवळा किंवा काळा जंपर: मोटरींना वेगळी बॅटरी आणि उनोला यूएसबी किंवा वेगळा अडॅप्टर असेल तर तो काढलेलाच असला पाहिजे. तो जोडलेला ठेवून दोन्हीकडून सप्लाय दिला की दोन सप्लाय एकमेकांशी भांडतात आणि मध्ये बोर्ड सापडतं. प्रत्येक मोटरीच्या टोकांवर १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर डागला तर ब्रशच्या ठिणग्यांचा गोंधळ बराच शमतो.

पहिल्यांदा चालवताना बॅटरीच्या लाल वायरीत १ अँपिअरचा काचेचा फ्यूज टाका. पाच मिनिटं मोटर चालवा आणि आयसीच्या पाठीवर बोट ठेवा. तीन सेकंद ठेवता आलं तर ठीक. चटकन उचलावं लागलं तर भार जास्त आहे, आयसी निर्दोष आहे.

बेसच गेला असेल तर तो अखंड उपटायचा प्रयत्न करू नका. प्लॅस्टिक कटरने तोडून काढा, मग एकेक पिन वरून चिमट्यात धरून खालून सोल्डरिंग आयर्नने डाग वितळवत ओढा. मधल्या चार ग्राउंडच्या पिना तांब्याच्या पसाऱ्याला जोडलेल्या असल्यामुळे हट्टी असतात, तिथे आयर्नचं टोक थोडं जास्त वेळ टेकवावं लागतं आणि ताजं कथिल घातलं की सुटतात. भोकं कथिल ओढणाऱ्या पंपाने साफ करा. नवा बेस घालताना, हाताशी असेल तर, गोल भोकाचा घाला. तो महाग आहे, पण आयसी वीसदा काढला-घातला तरी पकड सोडत नाही.

तुलना करायचीच तर टीबी६६१२एफएनजी या दुसऱ्या मोटर आयसीचं छोटं मॉड्यूल. मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरचं असल्यामुळे व्होल्टेज फारसं खात नाही, दर चॅनलला सरासरी १.२ अँपिअर देतं, सहा व्होल्टच्या गाडीत चाकं उघड जोरात फिरतात. पण तो आयसी पृष्ठभागावर डागलेला असतो. उडाला की मॉड्यूल कचऱ्यात. स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्याने तेच घ्यावं. ज्या प्रयोगशाळेत एका शील्डवर वर्षभर तीस मुलं हात साफ करणार आहेत तिथे बेसवालं एल२९३डी शील्डच परवडतं. एल२९८ चं लाल मॉड्यूल यात मोजत नाही: करंट जास्त देतं पण व्होल्टेज खाण्यात एल२९३डीचाच भाऊ, आणि त्याचा पंधरा पायांचा आयसी बेसवर बसत नाही.

सोलापुरात एल२९३डी काउंटरवर मिळतो तेव्हा एक-दोनच मिळतात आणि नाव नीट वाचू देत नाहीत. ऑनलाइन एकच मागवला तर पाठवणीचा खर्च आयसीपेक्षा जास्त. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कुणी जाणार असेल तर एका शील्डमागे दोन एल२९३डी, एक ७४एचसी५९५ आणि दोन सोळा पिनांचे गोल भोकाचे बेस सांगून ठेवा. घरी आल्यावर फॉइल गुंडाळलेल्या थर्माकोलमध्ये खोचा, आणि जळालेला आयसी फेकण्याआधी त्याच्या पाठीवर खिळ्याने फुली मारा, नाहीतर तोच परत बेसमध्ये जातो.